मुलांना चिनी शिकवताय? इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीतून शिकवा

सिंगापूरला आलेल्या मराठी आईबाबांकडून मला वर्षातून दहा वेळा तरी हाच प्रश्न येतो, घरात कोणाला चिनीचा गंध नाही आणि पोराने शाळेत चायनीज घेतलंय, आता घरी शिकवायचं कसं? इथल्या लोकल शाळांत पहिली सातव्या वर्षी सुरू होते आणि इंग्रजीबरोबर एक मातृभाषा घ्यावी लागते. भारतीय मुलांसाठी तमिळ आहे, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू आहे, मराठी नाहीये, म्हणून आपली बहुतेक मुलं हिंदी घेतात आणि काही जण शाळेची परवानगी काढून चिनी घेतात. इंटरनॅशनल शाळांत पण चिनी असतेच. अशा सहा ते दहा वर्षांच्या मुलांना मी नऊ वर्षं शनिवार-रविवार शिकवतेय, आमच्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, इथे त्याला व्हॉइड डेक म्हणतात. एरवी मी सगळ्यांची मावशी आणि त्या दीड तासात लाओशी, म्हणजे बाई.

पहिली दोन वर्षं मी चिनी इंग्रजीतून शिकवली, कारण माझी सगळी पुस्तकं तशीच होती आणि मी स्वतः तशीच शिकले होते. मुलं घरी मराठी बोलणारी, आणि मी त्यांना सांगतेय की हा आवाज इंग्रजीतल्या अमुक शब्दासारखा. त्याने उच्चार बिघडले आणि वाक्यं पण बिघडली. मग एकदा 'पुन्हा भेटू' हा शब्द शिकवताना एक नाशिकचा सात वर्षांचा मुलगा म्हणाला, मावशी यात दोन वेगळे च आहेत, एक चांगला मधला आणि एक चिमणी मधला. अगदी बरोबर! तो शब्द आहे चाइ-च्येन, पहिला च दातांमागचा, चांगला-चमचा-चोर मधला, दुसरा च टाळूचा, चिमणी-चिंच मधला. इंग्रजी स्पेलिंग बघून लोक त्याचं झाय-जियान करून टाकतात. त्या दिवसापासून मी उच्चार मराठीतूनच शिकवते आणि तुम्हालाही तेच सांगतेय.

चिनी रोमन लिपीत लिहायची जी पद्धत आहे, पिनयिन, 1958 ला चीनने अधिकृत केलेली, त्यातली अक्षरं इंग्रजीसारखी वाचायची नसतात. पिनयिनमधला बी म्हणजे आपला प, पी म्हणजे फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणजे चिनी कान घोष-अघोष, म्हणजे ब का प, हे बघतच नाही, तो बघतो हवा सुटते का नाही, अल्पप्राण का महाप्राण, आणि हे आपल्या पोरांना पाळण्यातच मिळालेलं असतं. बेजिंगचा खरा उच्चार पेइ-चिंग आहे हे एकदा कळलं की अर्धं काम झालं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला प आणि फ मधला फरक महिनाभर शिकवावा लागतो, आपल्या मुलाला एक टिश्यू पेपर पुरतो. टिश्यू ओठांपुढे धरा, प म्हणा, हलत नाही, फ म्हणा, उडतो. फक्त एक जपा, हल्ली मुलं फळ आणि फुलपाखरू मधला फ पण दातांनी ओठ दाबून इंग्रजी एफसारखा म्हणतात, आणि चिनीत दोन्ही आवाज आहेत. अर्धा म्हणजे पान, ताटली म्हणजे ओठ मिटून फान, आणि भात म्हणजे इंग्रजी एफ लावून फ़ान. मी समोर एक ताटली, थोडा भात आणि अर्धी केलेली पोळी ठेवते आणि जे म्हणेन ते उचलायला लावते. चुकीचं उचललं की मुलाला स्वतःलाच कळतं, मला काही बोलावं लागत नाही.

मग येतात जीभ वळवायचे आवाज, झेडएच, सीएच, एसएच आणि आर. इथे ट आणि ळ कामाला येतात. मुलाला सांगा ट ला जीभ जिथे टेकते तिथे ठेव आणि तिथूनच च म्हण, झाला झेडएच. तिथूनच हवा सोडून छ म्हण, झाला सीएच. एसएच म्हणजे खराखुरा पोटफोड्या ष, जो आपण लिहितो पण बोलताना त्याचा श करून टाकतो. आर ला ळ म्हणतो तशी जीभ वर वळवायची पण टेकवायची नाही. दोनच आवाज मराठीत नाहीत असं मला वाटतं ज्यावर खास वेळ घालवावा लागतो, एक म्हणजे पिनयिनचा सी, तो चांगला मधल्या च वर हवेचा झोत सोडला की होतो, आणि दुसरा, तोंडात ई म्हणायचं आणि ओठ मात्र शिट्टी वाजवल्यासारखे ऊ चे करायचे. हा दुसरा आरशासमोर करवून घ्या, दोन मिनिटांत जमतो.

आता सूर, ज्याची सगळ्यांना भीती. चार सूर आहेत आणि पाचवा हलका. चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो, मा म्हणजे आई पण, घोडा पण. मुलांना सूर हा शब्द सांगून काही होत नाही, त्यांच्या बोलण्यातलाच आवाज पकडून द्यावा लागतो. पहिला सूर उंच आणि सपाट, पेटीच्या पट्टीवर बोट दाबून ठेवल्यासारखा. दुसरा वर चढणारा, आतल्या खोलीतून आईने हाक मारली की आपण 'काऽय?' म्हणतो तसा. तिसरा खाली दबलेला, अभ्यासाला बस म्हटलं की मुलं नाखुशीने 'बरंऽऽ' म्हणतात ना, अगदी तसा. चौथा वरून धाडकन खाली, 'गप!' सारखा. पुस्तकात तिसरा सूर खाली जाऊन परत वर येताना दाखवतात, पण बोलताना तो बहुतेक वेळा खालीच राहतो, वर येतो तो शब्द एकटा किंवा वाक्याच्या शेवटी असेल तेव्हा, म्हणून लहान मुलांना 'खालचा' एवढंच शिकवा. आणि नी हाओ मध्ये दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिल्याचा दुसरा होतो हा नियम सांगत बसू नका, ऐकवा, ते उचलतात. प्रत्येक सुराला हाताची खूण ठेवा आणि पहिले दोन महिने नवीन शब्द हातासकटच म्हणायचा हा नियम. मुलगा पेपर लिहिताना टेबलाखाली हात हलवताना दिसला तर समजा बरोबर चाललंय.

पहिला शब्द कुठला शिकवायचा? मी चहा शिकवते. चिनीत चहाला छा म्हणतात, दुसरा सूर, आणि आपला चहा तिथूनच फिरत फिरत आलाय. लिची पण तिकडचीच. मुलांना एकदम वाटतं की अरे ही तर ओळखीची भाषा आहे.

पहिले सहा आठवडे वहीला हात लावायचा नाही. आई-वडील इथे अस्वस्थ होतात, लिहिलेलं काहीच दिसत नाही म्हणून, पण ऐका माझं. या सहा आठवड्यांत फक्त ऐकायचं, करायचं, बोलायचं. ऊठ, बस, बघ, ऐक, दे, घे, नको, हे शब्द अंगाने शिकवायचे, मी चिनीत सांगणार आणि मुलं करणार, मग मुलांनी सांगायचं आणि मी करायचं. मला पाच वेळा उठा-बशा काढायला लावायला त्यांना फार आवडतं. आकडे लगेच घ्या, कारण चिनी आकडे म्हणजे मुलांना बक्षीसच. दहापर्यंत पाठ झालं की नव्याण्णवपर्यंत येतंच, अकरा म्हणजे दहा-एक, एकवीस म्हणजे दोन-दहा-एक. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता आठवतंय ना? चिनीत तेच चालतं आणि एकोणतीस-एकोणचाळीसमध्ये अडखळणारी आमची परदेशात वाढलेली मुलं चिनीत धडाधड मोजतात. चिनी लोक एका हातावर दहापर्यंत खुणा करतात, सहाला अंगठा आणि करंगळी बाहेर काढायची, ते पण शिकवा. आणि चार म्हणजे स्स, दहा म्हणजे षऽ, यांची एक जुनी गंमत आहे, चार म्हणजे चार, दहा म्हणजे दहा, चौदा म्हणजे चौदा, चाळीस म्हणजे चाळीस, हे चिनीत भराभर म्हणायचं, आपल्या कच्चा पापड पक्का पापडसारखं. स आणि ष वेगळे करायला यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही.

पिनयिन कधी सुरू करायचं यावर माझं मत पक्कं आहे, घाई नको. याच वयात मुलं इंग्रजी वाचायला शिकत असतात, त्यामुळे क्यू दिसला की क्व आणि एक्स दिसला की क्स म्हणतात, जेव्हा चिनीत क्यू म्हणजे छ आणि एक्स म्हणजे श. चीनमध्येसुद्धा 2017 पासून देशभर लागू झालेल्या पहिलीच्या पुस्तकात आधी आकाश, जमीन, माणूस, तू, मी, तो अशी अक्षरं येतात आणि पिनयिन त्यानंतर. शिकवायला घ्याल तेव्हा ए-बी-सी-डी च्या क्रमाने घेऊ नका, चिनी तक्त्याच्या क्रमाने घ्या. त्यात आधी ओठांचे येतात, पो फो मो फ़ो, मग जीभ दातांकडे, त थ न ल, मग घशातले, क ख ह, असं वर्गवार. म्हणजे आपल्या वर्णमालेसारखीच बांधणी, आणि मुलं ते क ख ग घ सारखं तालात म्हणतात. पिनयिनचे कार्ड वेगळ्या रंगाचे ठेवा, माझे पिवळे आहेत, पिवळं दिसलं की इंग्रजी बंद. आणि चिनी शब्द देवनागरीत लिहायचा मोह आवरा, देवनागरी कानाला आणि जिभेला मदत म्हणून वापरायची, वहीत लिहायला नाही, कारण त्यात सूर दिसत नाही आणि मूल तेच वाचत बसतं, अक्षराकडे बघतच नाही. तुमच्या स्वतःसाठी लिहून ठेवलंत तर ठेवा.

अक्षरांचं सांगते. वाचता येणं आणि लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी धरा, हे मी सगळ्यात जीव तोडून सांगते. चीनच्या अभ्यासक्रमात पहिली-दुसरी मिळून साधारण 1600 अक्षरं ओळखायची आणि त्यातली 800 लिहायची अपेक्षा आहे, म्हणजे ज्यांच्या घरीदारी चिनी आहे त्यांना पण अर्धीच लिहायला लावतात. मग आपल्या मुलाने ओळखीचं प्रत्येक अक्षर लिहावं हा हट्ट कशाला? मी आठवड्याला आठ-दहा अक्षरं ओळखायला देते आणि तीन-चार लिहायला.

लिहायला सुरुवात ताटात रवा पसरून बोटाने. किंवा पाण्यात बुडवलेला रंगाचा जाड ब्रश घेऊन फरशीवर, चीनमधल्या बागांत म्हातारी माणसं असंच पाण्याने जमिनीवर लिहितात, पाच मिनिटांत वाळून जातं म्हणून चुकायची भीती राहत नाही. मग वही. चिनी मुलांची वही चौकटींची असते आणि प्रत्येक चौकटीत अधिकचं चिन्ह असतं. ती मिळाली नाही तर गणिताची चौकटींची वही घ्या, चार चौकटी मिळून एक मोठं घर आखा, झालं. रेघांचा क्रम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा: आडवी आधी, उभी नंतर, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, बाहेरचं आधी मग आतलं आणि दार सगळ्यात शेवटी लावायचं. तोंड या अर्थाचं अक्षर साधा चौकोन आहे आणि मुलं तो एका फटक्यात गोल काढून मोकळी होतात, पण त्यात तीन रेघा आहेत, आधी डावी उभी, मग वरची आडवी तशीच उजवीकडून खाली वळवायची, मग तळाची. हा चौकोन शेकडो अक्षरांत परत येतो, इथे लागलेली सवय जन्मभर राहते. फोनवर प्लेकोसारखी डिक्शनरी असेल तर त्यात बोटाने लिहून शब्द शोधता येतो.

चित्रांच्या गोष्टी सुरुवातीला सांगा. झाडाचं अक्षर, दोन झाडं म्हणजे वनराई, तीन झाडं म्हणजे घनदाट रान. माणूस झाडाला टेकलेला म्हणजे विश्रांती. सूर्य आणि चंद्र शेजारी म्हणजे उजेड. पण हे तीस-चाळीस अक्षरांपर्यंतच, कारण बहुतेक चिनी अक्षरं चित्रं नसतात, त्यांचा एक भाग अर्थ सांगतो आणि दुसरा आवाज. आई या अक्षरात डावीकडे बाई आहे आणि उजवीकडे घोडा, आणि घोड्याचा आईशी काही संबंध नाही, तो फक्त मा हा आवाज द्यायला उभा आहे. हे आठ वर्षांच्या मुलाला नीट कळतं. डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिसले की नदी, तळं, समुद्र, धुणं, काहीतरी ओलं आहे एवढा अंदाज त्याने स्वतः करावा. मी छिंग आवाजाचं एक कुटुंब शिकवते, शेजारी थेंब आले तर स्वच्छ, सूर्य आला तर निरभ्र, बोलण्याची खूण आली तर कृपया. कार्ड कापून भाग वेगळे करा आणि मुलांना जुळवू द्या.

वाक्यांच्या बाबतीत तर मराठीचा एवढा आधार आहे की मला इतकी वर्षं तो दिसला नाही याची खंत वाटते. प्रश्न करायचा तर आपण शेवटी का लावतो, चिनीत मा लावतात. तू जेवतोस का? नी छऽ फ़ान मा? शब्द उलटेपालटे करायची गरज नाही. चिनीत तीन माणसं असं थेट म्हणता येत नाही, मध्ये एक शब्द लागतो, आणि आपल्याकडे तीन जण, चार जण आहेच की. मी उद्या जातो, मी घरी जेवतो, यात वेळ आणि जागा क्रियापदाच्या आधी येते, चिनीत पण तशीच. इंग्रजीतून विचार करणारं मूल मी जातो उद्या, मी जेवतो घरी असं चिनीत बोलतं आणि पेपरात मार्क जातात. मी त्याला एवढंच म्हणते, आधी मराठीत सांग बघू, आणि गाडी रुळावर येते. नात्यांचं तर विचारूच नका. इंग्रजीत सगळ्या आँटी, पण चिनीत आत्या वेगळी, मावशी वेगळी, मामा वेगळा, काका वेगळे, आणि बाबांच्या मोठ्या भावाला परत आणखी वेगळा शब्द. घरचा फोटो समोर ठेवून एका बैठकीत होतं. फक्त दोन ठिकाणी मराठी आडवी येते ते लक्षात ठेवा. चिनीत खातो आधी आणि भात नंतर, आणि नकार क्रियापदाच्या आधी, मी नाही-खातो भात. हे शब्दांची कार्डं जमिनीवर मांडून मुलाला त्यांच्यावरून चालत चालत म्हणायला लावा, पायांना क्रम कळला की तोंडात येतो.

आता डिक्टेशन, इथे त्याला थिंग-श्ये म्हणतात, बहुतेक शाळांत नेमाने असतं आणि त्यावरून घराघरांत रडारड होते. माझ्याकडची एक मुलगी आधी एका ट्यूशनला जायची, तिथे प्रत्येक शब्द पन्नास वेळा लिहायला द्यायचे. तिची वही मी बघितली. वो म्हणजे मी, सात रेघांचं अक्षर, शेवटची रेघ उजवीकडे वर एक ठिपका. पहिल्या दहांत ठिपका होता, अकराव्यानंतर गळाला, आणि पुढची चाळीस तिने चुकीचं अक्षर मन लावून पक्कं केलं होतं. तपासणाऱ्याने वर बरोबरची खूण केलेली. फार वाईट वाटलं मला, ते पोर रात्री साडेनऊपर्यंत बसून लिहायचं. म्हणून सांगते, एका बैठकीत एक अक्षर पाच वेळाच्या वर नको. पहिल्या दिवशी नुसतं बघून बोलायचं आणि हवेत बोटाने लिहायचं, दुसऱ्या दिवशी गिरवायचं, तिसऱ्या दिवशी झाकून लिहायचं आणि उघडून स्वतः तपासायचं, चौथ्या दिवशी क्रम बदलून घ्यायचं आणि चुकलेलेच परत. रोज दहा मिनिटं पुरतात. तुम्हाला चिनी येत नसेल तरी जमतं, शब्दांचं रेकॉर्डिंग शिक्षकांकडून मागून घ्या आणि तपासताना छापील अक्षराशेजारी वही ठेवून रेघा मोजा. सूर मात्र तुम्ही दुरुस्त करायला जाऊ नका.

वर्गाला प्रत्येक मुलाला चिनी नाव द्या. त्यासाठी मी आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगते, ते 1938 ला वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिकडेच राहिले, चिनी शिकले आणि 1942 च्या डिसेंबरात तिकडेच वारले. त्यांचं चिनी नाव खऽ ती-हुआ, शेवटचा हुआ म्हणजे चीन. चिनी नाव बनवताना नुसता आवाज जुळवायचा नाही, अर्थ पण चांगला बघायचा, म्हणून एखाद्या चिनी ओळखीच्या माणसाला दाखवून मगच पक्कं करा.

एका वर्षात काय अपेक्षा ठेवायची विचाराल तर माझा अंदाज दीडशे-दोनशे शब्द बोलण्यात, त्याहून थोडी जास्त अक्षरं ओळखीची आणि शंभरेक लिहिता येणारी. भारतात राहून शिकवत असाल आणि काही मोजमाप हवं असेल तर लहान मुलांसाठी वायसीटी नावाची परीक्षा आहे, चार पायऱ्या, पहिलीला 80 शब्द, मग 150, 300 आणि 600. पहिलीत अक्षरांबरोबर पिनयिन पण छापलेलं असतं त्यामुळे मुलं घाबरत नाहीत. हाँगकाँगला जाणार असाल तर आधी शाळेला विचारा, तिकडे बोलायला कँटोनीज, म्हणजे वेगळी चिनी, आणि लिहायला जुनी, जास्त रेघांची अक्षरं असतात, इथली सिंगापूरची आणि चीनची अक्षरं सोपी केलेली आहेत.

आणि सुट्टी. जूनमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुलं भारतात जातात, महिना-दीड महिना चिनी कानावर नाही, आणि परत येतात तेव्हा सगळ्यात आधी सूर गेलेले असतात, अक्षरं त्या मानाने टिकतात. म्हणून सामानात वही देऊ नका, तीस कार्डं आणि वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग द्या, आणि मुलाला एक काम द्या की आजी-आजोबांना दहापर्यंत चिनी आकडे शिकवून यायचं, हाताच्या खुणांसकट, आणि व्हिडिओ कॉलवर मला म्हणून दाखवायचे. शिकवायला लागलं की मूल स्वतः दहा वेळा म्हणतं. गेल्या डिसेंबरात एका आजींनी स्स आणि षऽ इतका स्वच्छ म्हटला की मी नातवाला विचारलं, तू कसं शिकवलंस रे? तो म्हणाला, मी काही नाही केलं, आजी षटकोनातला ष आधीपासूनच नीट म्हणते.